अंडी खंय गेली? झेब्रा फिंचच्या एका जोडीचं प्रकरण

जुलैचा तिसरा आठवडा. वेंगुर्ल्यात सहा-सात दिवस पावसानं उसंत दिली नव्हती. दुपारी तीनच्या सुमाराला वाडीच्या खालच्या टोकाला राहणाऱ्या मच्छीमार घरातला नववीतला मुलगा भिजत आमच्या पडवीत आला. "काकी, मादी खाली बसलीहा, उडत नाय." त्याच्यामागोमाग इरलं सांभाळत त्याची आई. तिचा प्रश्न वेगळाच होता. "ताई, अंडी होती. माज्या डोळ्यांनी बघलंय. आता खंय गेली?"

मी गेली चौदा वर्षं फिंच, म्हणजे पिंजऱ्यात पाळतात ती चिमुकली दाणेखाऊ पाखरं, पाळते. हा प्रश्न मला आधीही दोन-तीनदा विचारला गेला आहे आणि प्रत्येक वेळी विचारणाऱ्याचा संशय उंदरावर, नाहीतर पालीवर असतो. या घरातही तेच झालं होतं. पिंजऱ्याखाली उंदराचा सापळा लावून झाला होता. पण अंडी कोणीच खाल्ली नव्हती, ती घरट्याच्या मडक्यातच होती. हे प्रकरण मी सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण यात कोणी हयगय केली नव्हती. उलट ज्या घरात पाखरांचे सगळ्यात जास्त लाड होतात, तिथेच हे घडतं.

जोडी आणि तिची व्यवस्था

मेअखेरीला ही जोडी घरात आली. नर नेहमीचा करडा, गालावर नारिंगी ठिपका, छातीवर काळा पट्टा, बाजूला विटकरी रंगावर पांढरे टिपके, चोच लालभडक. मादी साधी राखी, चोच फिक्या नारिंगी रंगाची. पिंजरा दोन फूट लांब, दीड फूट उंच, पडवीच्या आतल्या भिंतीला टांगलेला. जागा चांगली होती. वारा होता, पावसाची झड येत नव्हती.

12 जूनला त्यात मडकं बांधलं. बाजारात फिंचसाठी मिळतं तेच, पोटाला भोक असलेलं, कच्च्या मातीचं. काथ्या घरचाच. परसातल्या माडांची सोडणं कुटून मुलगा रोज सकाळी ताजा काथ्या काढायचा. पुरला नाही तर आजोबांच्या खोलीतलं जुनं सुंभ सोडवून त्याचे पीळ मोकळे करायचा. नर तो काथ्या तासाभरात आत न्यायचा. दुपारी शाळेतून आल्यावर पुन्हा एक मूठ. "जितको काथो घालतंय, तितको तो आत व्हरता. काय थांबत नाय," हे त्यानं मला कौतुकानं सांगितलं होतं, जूनमध्येच, रस्त्यात भेटला तेव्हा. मी हसून पुढे गेले. तेव्हाच दोन मिनिटं थांबून विचारायला हवं होतं. ती चूक माझी, आणि ती मला अजून डाचते.

खाण्याची चंगळ होती. कांग, वरी, भिजवलेली नाचणी, रोज उकडलेलं अंडं, माठाची जुडी देठांसकट, आंघोळीला पाण्याची वाटी. मुलाच्या वहीत तारखा होत्या, त्यामुळे पुढचं सगळं जुळवता आलं. 20 जूनला पहिलं अंडं, 23 पर्यंत चार. 28 ला टॉर्च मारला तर एकही दिसेना. 4 ते 7 जुलै पुन्हा चार अंडी. तीही तीन-चार दिवसांत गायब. 19 जुलैला एक अंडं पिंजऱ्याच्या तळाशी फुटलेलं सापडलं. 21 ला मादी खाली.

मादीची अवस्था

तिला हातात घेतल्याबरोबर कळलं, हातात काही नाहीच. पिसं फुगलेली, डोळे अर्धे मिटलेले, छातीचं मधलं हाड बोटाला धारेसारखं लागत होतं. आधी पोटाकडून चाचपलं. अंडं अडकलं असेल तर तो जिवाशी खेळ असतो आणि वेळ घालवून चालत नाही. तसं नव्हतं. सोनाराकडे असतो तसा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा माझ्याकडे आहे. कापडी पिशवीत घालून वजन केलं, दहा ग्रॅम. झेब्रा फिंच साधारण बारा ग्रॅमच्या आसपास असते. एका अंड्याचं वजन जवळपास एक ग्रॅम. या मादीनं महिनाभरात अकरा अंडी घातली होती. म्हणजे स्वतःच्या वजनाएवढी, आणि प्रत्येक कवचाचं कॅल्शियम तिच्या अंगातून गेलेलं.

उजव्या पायाच्या मधल्या बोटाला काहीतरी चमकत होतं. भिंगातून बघितलं तर नायलॉनचा धागा, केसाहून थोडा जाड, तीन वेढे. बोट धाग्यापुढे सुजून जांभळं झालं होतं. आजोबा त्याच पडवीत बसून जाळी विणतात, दुरुस्त करतात. कापून टाकलेले तुकडे खाली पडतात, झाडलोटीत काथ्याच्या टोपलीत जातात आणि तिथून घरट्यात. मुलानं मादीला धरलं, मी नखं कापायच्या बारीक कात्रीचं टोक वेढ्याखाली सरकवलं. दोन वेढे पटकन तुटले. तिसरा कातडीत रुतला होता, त्याला पाच मिनिटं गेली. मुलाचा हात थरथरत होता, पण पकड ढिली झाली नाही की घट्टही झाली नाही. बोट वाचलं. नख मात्र नंतर गळून पडलं.

आजोबा शेजारी बसून सगळं बघत होते. म्हणाले, "जाळ्याक लागता तितकोच दोरो काडून घेवचो. उरलेलो पायात येता." त्यांना मादीच्या पायातला धागा बघून वाईट वाटलं होतं, म्हणून ते बोलले. पण माझ्या मते अख्ख्या प्रकरणाचं निदान त्यांनी तिथेच केलं.

मादीला एका खोक्यात ठेवून बाजूला चाळीसचा बल्ब लावला, अर्ध्या भागात ऊब, अर्ध्यात सावली, म्हणजे तिला हवं तिकडे सरकता येईल. पशुवैद्यांना फोन केला. त्यांनी डी-3 जीवनसत्त्व असलेलं पातळ कॅल्शियम पाण्यातून द्यायला सांगितलं. पावसाळ्यात हे डी-3 महत्त्वाचं. नुसतं कॅल्शियम पोटात जाऊन उपयोग नाही, ते अंगी लागायला डी-3 लागतं, डी-3 अंगात तयार व्हायला ऊन लागतं, आणि जून ते सप्टेंबर आमच्याकडे ऊन कुठलं?

मडकं उघडलं तेव्हा

संध्याकाळी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मडकं फोडलं. भोकातून काही निघण्यासारखं नव्हतं. काथ्या भोकाच्या कडेपर्यंत आला होता. 19 तारखेचं अंडं तिथूनच घरंगळून खाली पडलं.

मडक्याच्या ठिकऱ्या बाजूला केल्यावर आत मडक्याच्याच आकाराचा काथ्याचा गोळा राहिला. तो मी वरून थर थर उचलत गेले. सगळ्यात वर उथळ वाटी, तिच्यात दोन अंडी, गार. त्याखाली दोन बोटं जाडीचा काथ्या, पायपुसण्यासारखा दाबून बसलेला. तो उचलला तर खाली दुसरी वाटी, चार अंडी, प्रत्येक आपल्या जागी नीट. मुलाची आई काहीच बोलली नाही. तिनं फक्त हात पदराला पुसले आणि एक अंडं अलगद उचलून तळहातावर ठेवलं. पुन्हा दोन बोटं काथ्या. त्याखाली पहिली वाटी, 20 ते 23 जूनची चार अंडी. पांढरी अंडी ओल्या काथ्याच्या रसानं चहाच्या डागासारखी तपकिरी झाली होती. तळाचा काथ्या काळपट, ओला, त्यावर राखाडी बुरशीचा लेप आणि भिजलेल्या पोत्याचा वास.

अंडी टॉर्चवर धरून बघितली. खालच्या चारांतल्या एकात पिल्लू अर्धं वाढून गेलं होतं. मधल्या चारांपैकी दोघांत रक्ताचं कडं दिसलं, म्हणजे जीव धरला होता, मग ऊब तुटली. बाकीची पारदर्शक. म्हणजे जोडी सक्षम होती, अंडी फळत होती, मादी उबवायला बसत होती. नर तिच्या पोटाखालच्या अंड्यांवर काथ्या घालत राहिला आणि तिनं नवीन जमिनीवर नवीन संसार मांडला, दोनदा. फिंच पाळणारे याला सँडविच घरटं म्हणतात.

तो सगळा काथ्या चुलीशेजारी वाळवून तोलला. ऐंशी ग्रॅम भरला. बारा ग्रॅमचं पाखरू, ऐंशी ग्रॅमचं घर.

नर का थांबला नाही

घरातल्यांचा नरावर राग होता. मुलगा त्याला "खुळो" म्हणायला लागला होता. मला तो राग मुळातच अन्यायाचा वाटतो, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिते.

झेब्रा फिंचमध्ये सामान आणायचं काम मुख्यतः नराचं, आत बसून वाटीचा आकार द्यायचं मादीचं. जंगली झेब्रा फिंच ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात राहते. तिथे काटेरी झुडपात घरटं असतं आणि गवताची प्रत्येक काडी उडून शोधून आणावी लागते. अंडी उबत असतानाही तिथला नर एखादं पीस, एखादी मऊ काडी आणत राहतो. म्हणजे आणत राहणं हा बिघाड नाही, तो त्याचा धर्म आहे. फक्त तिथे अंतर त्याला आवरतं, उन्हाचा ताप आवरतो, सामानाची टंचाई आवरते. पिंजऱ्यात काडी अर्ध्या फुटावर आणि संपली की लगेच नवी.

आपल्याकडे बघा. सुगरणीचा नर भाताच्या नाहीतर माडाच्या पात्याची एकेक चीर फाडून आणतो, तेव्हा कुठे विहिरीवरच्या फांदीला खोपा लोंबतो. आमच्या किनाऱ्यासमोर समुद्रात वेंगुर्ला रॉक्स ही खडकाळ बेटं आहेत, तिथल्या गुहेत भारतीय पाकोळी स्वतःच्या लाळेनं घरटं कड्याला चिकटवते. तिचं तर सामानच अंगातून येतं, जास्तीचं येणार कुठून? पाळलेल्या फिंचचं सामान आपल्या मुठीतून येतं. त्याचं मोजमाप ठेवणारं दुसरं कोणी नाही, ते आपणच ठेवायचं.

दुसरं कारण पाऊस. झेब्रा फिंच ठरावीक ऋतूची वाट बघत नाही. रखरखीत मुलखात पाऊस पडला, गवताला बी धरलं की ती विणीला लागते, आणि ते दिवस थोडे म्हणून घाईनं लागते. आता तिला वेंगुर्ल्यात आणा. चार महिने पाऊस, सगळा मिळून तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. पुढ्यात हिरवी भाजी, भिजवलेलं धान्य, उकडलेलं अंडं, आंघोळीला पाणी. पाखराच्या अंगाला एकच निरोप पोचतो, विणीचे दिवस आलेत, आणि ते संपतच नाहीत. "पावसात पाखरां पिल्लां काडतत" हे घरातल्यांचं म्हणणं आजूबाजूच्या पाखरांच्या बाबतीत खरं आहे. ठिपकेवाली मुनिया पावसातच आमच्या कुंपणात गवताचे गोळे बांधते. पण ते घरटं झाडावर उघड्या वाऱ्यात असतं. कच्च्या मातीचं मडकं दमट हवेत ओल धरतं, आतला जाड काथ्या ती सोडत नाही, आणि मग जी बुरशी आम्ही बघितली ती येणारच. मडकं वाईट नाही. मार्चमध्ये मी स्वतः वापरते. जुलैत नाही.

विश्रांती

त्याच दिवशी ठरवलं, दसऱ्यापर्यंत घरटं नाही. मुलाच्या आईला हे पटेना. "घर काडून घेतलास तर ती रवतली खंय?" तिचा प्रश्न मायेचा होता आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं होतं. झेब्रा फिंच घरट्यात झोपतात हे खरं, पण झोपायला त्यांना दांडी पुरते. घरटं डोळ्यांसमोर राहिलं की रात्री झोपायला म्हणून आत जातात आणि सकाळी अंडं असतं. कोपऱ्यात उंचावर एक जाड, खरखरीत दांडी लावली, मागे पुठ्ठ्याचा आडोसा केला. तिसऱ्या दिवसापासून दोघं तिथे चिकटून झोपू लागली.

त्याआधी काही दिवस पिंजऱ्यात मध्ये जाळी घालून दोघांना वेगळं ठेवलं होतं. आवाज येतो, एकमेकांना दिसतात, पण मादीला निवांत खाता येतं. ही जात जोडीदाराला धरून राहणारी आहे. नजरेआड केलं की नर दिवसभर हाका मारत बसतो.

उकडलेलं अंडं बंद, भिजवलेलं धान्य बंद, भाजी आठवड्यातून दोनदा. साधं कोरडं धान्य आणि समुद्रफेस. या घरात समुद्रफेस विकत आणायची गरज नव्हती. माकूल साफ करताना पाठीतलं पांढरं हाड निघतं ते हेच, आणि पावसाळ्यात सागरेश्वरच्या किनाऱ्यावर लाटांबरोबर ढिगानं येतं. फक्त खारटपणा काढायचा. मुलानं आठ दिवस रोज गोडं पाणी बदललं, मग मिळेल त्या उन्हात वाळवलं. मादी पहिल्या दिवशीच त्यावर तुटून पडली. खरवडण्याचा तो कर्रकर्र आवाज ऐकून मला बरं वाटलं.

वाडीतल्या एकानं सल्ला दिला, रानातली मुनिया पकडून आणा, ती अंडी उबवील. हे अजिबात करायचं नाही. आपल्या रानातल्या मुनियांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचं संरक्षण आहे, त्या पकडणं आणि पाळणं गुन्हा आहे. कायदा नसता तरी मी तेच सांगितलं असतं. दाई म्हणून वापरतात ती बंगाली फिंच, पिढ्यानपिढ्या पाळलेली जात. इथे तिचीही गरज नव्हती. मादीला बसायचं होतंच, तिला बसू द्यायला हवं होतं.

चतुर्थीला घर चाकरमान्यांनी भरलं. दहा दिवस मुलं पिंजऱ्याभोवती. घरटं नव्हतं हे किती बरं! वजनाच्या नोंदी अशा: 1 ऑगस्टला अकरा ग्रॅम, ऑगस्टअखेर साडेबारा, सप्टेंबरअखेर तेरा. पिसं गुळगुळीत झाली, चोचीवर रंग आला.

दुसरी खेप

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पेटी बांधली. प्लायवूडची, आतून तेरा सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंची, पुढची बाजू अर्धी उघडी, वर उचलायचं झाकण. उघड्या बाजूचा खालचा उंबरठा पाच सेंटिमीटरचा. मडक्याला झाकण नसतं, आणि ज्या घरट्यात बोट घालून बघता येत नाही त्याचा अंदाज घेता येत नाही.

सामान तोलून काढलं, एकूण पंचवीस ग्रॅम. सुकं बारीक गवत जास्त, काथ्या कमी. काथ्या चार-चार बोटं लांबीचा कापला. लांब तंतू पायात, गळ्यात अडकतात. सुतळी, लोकर, कापूस, केस, काहीच नाही. काथ्यासारखा ताठ तंतू मी मुद्दाम ठेवते. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात झेब्रा फिंचच्या नरांना ताठ आणि लवचिक अशी दोन प्रकारची दोरी देऊन बघितलं होतं, 2014 साली ते काम प्रसिद्ध झालं. ताठ दोरीचं घरटं कमी तुकड्यांत उभं राहतं आणि बांधण्याचा अनुभव घेतलेले नर पुढे ताठ दोरीच निवडतात, असं दिसलं. ज्या नराला आवरायचं आहे त्याला कमी काड्यांत भिंत उभी राहील असं सामान द्यावं, एवढा अर्थ मी त्यातून घेतला.

पंधरा ग्रॅम गवत आधीच पेटीत घालून करवंटीच्या पाठीनं दाबून वाटी केली. म्हणजे निम्म्याहून जास्त काम आपण उरकायचं, नराला हौसेपुरतं ठेवायचं. उरलेले दहा ग्रॅम तीन दिवसांत, सकाळी एकदाच. संध्याकाळी जे तळाशी पडलेलं असेल ते काढून घ्यायचं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सगळं सामान बाहेर काढलं.

इथे मी चुकले. सहाव्या दिवशी पहिलं अंडं आलं. सातव्या दिवशी दुसरं, आणि ते तडकलेलं. झाकण उचललं तर वाटीच्या मधोमध प्लायवूड दिसत होतं. मादी बसून पायांनी तळ उकरते, वाटी खोल करते. माझं गवत वरवर दाबलेलं होतं, ते बाजूला सरकलं आणि अंडी उघड्या फळीवर आली. मी तीन दिवस मोजले होते, घरट्यात बोट घातलं नव्हतं. सामान काढायची वेळ कॅलेंडर सांगत नाही. वाटीच्या तळाशी बोट दाबल्यावर फळी लागता कामा नये, कडा उंबरठ्याच्या वर येता कामा नये, आणि दिवसा मादी आत बसून हलायला तयार नसावी. ही तीन लक्षणं जुळली की सामान बंद. जुलैतल्या ढिगाची मला इतकी धास्ती होती की यावेळी हात फार लवकर आखडला.

दोघं दाण्यावर असताना अंडं चमच्यानं उचललं, तळाशी मूठभर गवत मुठीनं घट्ट ठासलं, अंडं परत ठेवलं. माणसाचा हात लागला की पाखरं घरटं सोडतात, असं सगळे म्हणतात. पाळलेल्या फिंच तेवढ्यावरून सहसा सोडत नाहीत. सारखं सारखं डोकावणं मात्र त्यांना खपत नाही. मादी वीस मिनिटांत आत गेली. पुढच्या तीन दिवसांत आणखी तीन अंडी, तडकलेलं वगळून चार.

आता नराची पंचाईत. सामान नाही आणि चोच शिवशिवते. अकराव्या दिवशी त्यानं तळातल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या ओढून आत नेल्या. तळावर तारेची जाळी बसवली. मग माठाचे देठ. भाजी बारीक चिरून द्यायला लागलो. मग तो मादीच्या मानेमागची पिसं उपटू लागला, आणि हे गंभीर होतं. अस्तरासाठी काही मिळेना तर नर असं करतो. कोंबडीची पांढरी लहान पिसं धुऊन, उन्हात तापवून ठेवली होती. त्यातलं रोज एक, सकाळी, असं पाच दिवस दिलं. पहिलं पीस त्यानं चोचीत धरून पिंजऱ्याला चार फेऱ्या मारल्या, आत नेलं, बाहेर आला आणि दांडीवर बसून गायला लागला. मादीची मान त्यानंतर शाबूत राहिली. पाच पिसांनी अंडी पुरली जात नाहीत. सगळं बंद करण्यापेक्षा इतकं मोजकं देणं मला जास्त बरोबर वाटतं, निदान अशा उतावळ्या नराच्या बाबतीत.

उबवण्याचे दिवस नेमके दिवाळीत आले. पिंजरा हलवायचा प्रश्नच नव्हता, अंड्यांवरच्या जोडीची जागा बदलत नाहीत. मुलानं वाडीतल्या पोरांना गोळा करून फटाके किनाऱ्याकडच्या टोकाला न्यायला लावले. पडवीत रात्रभर मिणमिणता दिवा ठेवला, कारण अंधारात दचकून उडालेली मादी परत घरट्यात येऊ शकत नाही.

भाऊबीजेच्या सकाळी दोन पिल्लं फुटली, दुसऱ्या दिवशी तिसरं. चौथं अंडं पारदर्शक निघालं. उकडलेलं अंडं आणि भिजवलेलं धान्य त्या दिवसापासून पुन्हा सुरू. विसाव्या दिवशी तिघं काळ्या चोची घेऊन पेटीबाहेर आली, उडायला येत नव्हतं, भिंतीवर आपटत होती.

पाच दिवसांनी पेटी काढली. लगेच काढली असती तर पिल्लांना रात्रीचा आसरा गेला असता, आणखी ठेवली असती तर मादीनं त्याच घाणीत अंडी घातली असती. तरी तिनं एक अंडं दाण्याच्या वाटीत घातलंच. ते उचललं, दुसरं आलं नाही. नर पुढे दोन आठवडे पिल्लांना भरवत होता. चाळीस दिवसांची झाल्यावर पिल्लं वेगळ्या पिंजऱ्यात हलवली. चोचीवर लाली चढू लागली होती, दोघं नर असावेत.

पेटी उकळत्या पाण्यानं धुऊन, चार दिवस उन्हात तापवून माळ्यावर ठेवली आहे. मादीचं वजन पिल्लं उडाली तेव्हा साडेअकरा होतं, आता बारा आहे. ते तेरावर येऊन महिनाभर टिकलं की फेब्रुवारीत पेटी पुन्हा बांधायची, आणि मेअखेरीला काही झालं तरी उतरवायची, असं त्या घराशी बोलून ठरलं आहे. आजोबांनी जाळी विणायची जागा पडवीतून मांगरात नेली आहे.